पाचव्या तारेचा गुन्हेगार

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी गिटारच्या सहाही तारा बदलल्या आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत आईवर ओरडलो. दोन्ही गोष्टी माझ्या हातून अधूनमधून होत असतात, त्यामुळे घरात कोणाला त्याचं विशेष वाटलं नसावं. मला तर नाहीच वाटलं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मालवणपासून थोडं दक्षिणेला, खाडीच्या अलीकडे आमचं घर आहे. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांना गिटारची साथ करतो आणि लग्नसराईत कोणी बोलावलं तर रोसलाही जातो. रोस म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरीला आपापल्या घरी नारळाचा रस लावून न्हाऊ घालतात तो सोहळा. आमच्या ख्रिस्ती घरांतली हळदच म्हणा ना. तिथे गाणी बायकांची, आम्ही मागून वाजवायचं. गिटार इलेक्ट्रिक आहे, निळी, मडगावच्या मावसभावाने वापरून दिलेली. बावन्न वर्षांच्या मास्तराने निळी गिटार गळ्यात अडकवावी का, यावर गावात दोन मतं आहेत. एक माझं आणि एक बाकी सगळ्यांचं.

तर त्या रविवारी तारा चढवल्या, सूर जुळवले. बाकीच्या पाच खणखणीत बोलल्या. पाचवी तेवढी, म्हणजे सगळ्यांत जाड तारेच्या शेजारची, तोंडात भाताचा घास धरून बोलावं तशी बोलली. सूर बरोबर होता, मोबाइलवरचा काटा अगदी मधोमध होता, पण आवाजात जीव नव्हता. छेडली की बद्द व्हायचं आणि लगेच विझायचं. नवी कोरी तार! मी वैतागून गिटार उलटीसुलटी केली आणि तेव्हा टेबलाच्या कोपऱ्यावर खोबरेल तेलाची बाटली दिसली. बाटलीला टेकून तेलकट फडका होता.

खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे लोखंड दोन पावसाळे धड काढत नाही. म्हणून आई दर वर्षी उन्हाळ्यात बाटली आणि फडका घेऊन घरभर फिरते. खिडक्यांच्या बिजागऱ्या, दारांच्या कड्या, कोयता, विळी, शिवणयंत्र, माझ्या स्कूटरची किक, जे म्हणून गंजेल त्यावर तिचा हात फिरतो. एकदा तिने माझ्या चष्म्याच्या काड्यांनाही तेल दिलं होतं आणि मी दिवसभर वर्गात नाकावरून घसरणारा चष्मा सावरत होतो. आता गिटारच्या जाड तारेवर बारीक तारेचे वेढे असतात. त्या वेढ्यांत तेल शिरलं की तारेचा आवाज बसतो, हे मला ठाऊक होतं. बाटली समोर, फडका समोर, आई दारात. हातच्या काकणाला आरसा कशाला? उचलली जीभ लावली टाळ्याला.

"माय, कितीदा सांगलंय माज्या वस्तूंक हात लावू नको म्हणान! नवी तार मारून टाकलंस!"

"मी? ता..." एवढं बोलून ती थांबली. तिने फडक्याकडे बघितलं, गिटारकडे बघितलं. मग म्हणाली, "चुकला रे माजा."

कबुली मिळाली, खटला संपला. मी बाटली उचलून फळीवर ठेवली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

आईच्या डोक्यातून तो गेला नाही. आधी तेलाचा फडका बंद झाला. निम्म्या खिडक्या तशाच राहिल्या. मग अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात विचारून वावरायला लागली. "ह्यो डबो उघडू मां?" "ह्या तुमका लागता काय, की आत ठेवू?" कालवणात मीठ घातलं की माझ्या बायकोला बोलावून चाखायला लावायची, आणि बायको बरं आहे म्हणाली तरी तिचा विश्वास बसायचा नाही. त्यात परसातले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले. दर वर्षी त्यांची सालं काढून, त्यांच्याच रसात मीठ घालून बुडवणं आणि उन्हात घालणं हे काम तिचं. मीठ ती मुठीने घालते, मोजून नाही, आणि तिची सोलं, म्हणजे आमसुलं, कधी बिघडलेली मी बघितली नाहीत. यंदा मी टोपली तिच्यापुढे ठेवली, तर ती हात पदरात घेऊन बसून राहिली.

"माका नको सांगू रे. माजो हात आता बरो नाय."

दोन टोपल्या रातांबे कुजले. बायको मला म्हणाली, "तू तिका बोललंस, ता बरा नाय केलंस." मी म्हणालो, त्याचा काय संबंध, वय झालंय तिचं, असं होतंच. शाळेतल्या एका सहकाऱ्याला मी असंही सांगितलं की आईला आता कुठल्या तरी डॉक्टरला दाखवायला हवं, तिला काही सुधरत नाहीसं झालंय. मला ते बोलताना खरोखर काळजी वाटत होती.

दरम्यान मी पाचवी तार पुन्हा बदलली. दुसरी नवी तारही तशीच बद्द. इथे आठवीतल्या पोरानेसुद्धा सांगितलं असतं की सर, मग दोष तारेत नाही. मी म्हणालो, तेल खाली ब्रिजमध्ये, म्हणजे तारा अडकवतात त्या धातूच्या पट्टीत, झिरपलंय. ब्रिज पुसला, तरी तेच. मग म्हणालो, आणखी आत झिरपलंय. माझ्या सिद्धांताची हीच तर गंमत होती, काहीही घडलं तरी तो बरोबरच ठरायचा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक रोस होता आणि बद्द तार घेऊन मी तिथे जाणार नव्हतो. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक भजनात गातात. ते म्हणाले, "कुडाळक जा. पेटीवालीकडे."

"ती पेट्ये करता. माजी गिटार आसा. इलेक्ट्रिक."

"तार ती तारच मां? जावन तर बग."

म्हणून एका सकाळी मी गिटार घेऊन एसटीने कुडाळला गेलो. घर बाजारामागच्या गल्लीत होतं. ओटीवर चार-पाच बाजाच्या पेट्या पोट उघडून पडल्या होत्या, भाते निघालेले, पट्ट्या रांगेने वर्तमानपत्रावर मांडलेल्या. त्यांच्या मधोमध सत्तरीची एक बाई पाटावर बसली होती, कपाळावर चष्मा, पदर कमरेला खोचलेला. हे काम मुळात तिच्या सासऱ्यांचं. नवऱ्याला त्यात गोडी नव्हती, म्हणून सासऱ्यांनी सुनेला शिकवलं, असं मला चित्रकलेच्या मास्तरांनी सांगितलं होतं. पंचक्रोशीतली भजनी मंडळं आता तिच्याकडेच येतात.

मी गिटार बाहेर काढली. "निळी?" एवढंच ती म्हणाली.

"काकी, झाला काय, माज्या आवशीन तेल..."

तिने हात वर केला. "थांब. कोणी केल्यान ता मागीर. खंय आसा ता आदी बगूया."

मला असं गप्प करणारे लोक कमी आहेत. तिला बहुधा माझा चेहरा दिसला, कारण गिटार मांडीवर घेता घेता ती हसली.

"हय येणारो परत्येक जण गुन्हेगार घेवनच येता, झिला. एक बुवा इलो, म्हणता उंदरान सूर खाल्ल्यान. दुसरो म्हणता, समोरच्या बुवान करणी केल्यान. पेटी उघडलंय, तर आत तेचीच तपकीर."

मी अँप्लिफायर आणला नव्हता, त्याबद्दल सांगायला लागलो, तर म्हणाली, "बरा झाला. येक घोळ कमी." तिने गिटारच्या लाकडाला कान लावला आणि अंगठ्याने पाचवी तार छेडली. मग चौथी, मग सहावी, मग पुन्हा पाचवी. विजेशिवाय या गिटारचा आवाज अगदी बारीक येतो, पण पाचवीचा बद्दपणा त्यातही ऐकू येत होता. "हयच मेलेली आसा," ती म्हणाली. "म्हंजे वायरीचो दोष नाय." मी याचा विचारच केला नव्हता. तारेचा आवाज उचलणाऱ्या चुंबकात बिघाड असता, तर नुसत्या लाकडावर ती तार शेजारणींइतकीच बरी वाजली असती.

मग तिने तार गिटारच्या मानेवरच्या पहिल्या आडव्या पडद्यावर दाबून छेडली, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, अशी थेट बाराव्यापर्यंत गेली. प्रत्येक वेळी कान लाकडाला. "सगळीकडे तशीच." हे मला समजायला क्षणभर लागलं. मोकळी तार एका टोकाला, खुंट्यांच्या खाली, खाचांच्या पट्टीवर टेकते. बोटाने दाबली की त्या पट्टीशी तिचा संबंध सुटतो आणि पडदा तिचा टेकू होतो. दाबल्यावर आवाज सुधारला असता तर दोष त्या पट्टीत होता. सुधारला नाही, म्हणजे ते टोक निर्दोष सुटलं. राहिली स्वतः तार आणि दुसरं टोक, जिथे प्रत्येक तार धातूच्या एका छोट्या बैठकीवर बसते. दुकानदार तिला सॅडल म्हणतात, पेटीवाली घोडी म्हणत होती.

"तार दोनदा बदललंय," मी म्हणालो.

"तू सांगतंस. तार काय सांगता बगूया."

आणि मग तिने जे केलं ते आठवलं की मला अजून आनंद होतो. तिने शेजारच्या डब्यातून पेटीचा एक जुना सूर काढला, म्हणजे ती जीभ बसवलेली पितळी पट्टी. ती उभी करून तिने पाचव्या तारेखाली सरकवली, घोडीच्या बोटभर अलीकडे, आणि मागची तार अंगठ्याने घट्ट दाबून धरली. आता तार घोडीवर नव्हे, त्या पितळेवर टेकली होती. तिने छेडली.

तार गायली. लांब, स्वच्छ, लाकूड थरथरेल अशी. तीन आठवड्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मी बाकावरून उभा राहिलो, आणि ओटीवर उभं राहून करायचं काय हे न सुचल्यामुळे पुन्हा बसलो.

"तार बरी आसा," ती म्हणाली. "घोडीर बसली की मरता."

पाच मिनिटं लागली असतील. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय झालं ते ऐकायचं. पुढे काय निघावं याची आपली इच्छा मध्ये आणायची नाही. हे वाक्य मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहितो आणि पोरांना प्रयोगवहीत उतरवून घ्यायला लावतो. वीस वर्षं लिहितोय. ते प्रत्यक्षात केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, तेही जिने गिटार कधी वाजवली नाही अशा बाईच्या हातून. मला तिचा मनापासून हेवा वाटला.

तरी माझी खोड गेली नव्हती. "म्हंजे घोडीतच तेल मुरलाहा," मी म्हणालो.

तिने नाक घोडीजवळ नेलं. मग करंगळी घोडीवर घासून ती माझ्यापुढे धरली. करंगळी कोरडी होती. "खंय आसा तेल?"

पुढे ती बोलली नाही. खुंटी फिरवून तार सैल केली, बाजूला घेतली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि घड्याळजी वापरतात तसलं भिंग लावून घोडीच्या खाचेत बघत राहिली. मग सुई घेतली. सुईचं टोक खाचेत घालून तिने अलगद काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. नखाएवढा, वळलेला, आरपार दिसणारा धागा. तंगूस.

तंगूस म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा. आमच्या किनाऱ्यावर सैल झालेल्या कुठल्याही वस्तूवर तोच इलाज. स्कूटरचा आरसा हलतो, बांध तंगूस. छत्रीची काडी सुटली, बांध तंगूस. दोन वर्षांपूर्वी याच घोडीचा एक स्क्रू सैल होऊन खुळखुळत होता. पाना आणायचा कंटाळा म्हणून मी स्क्रूला तंगसाचे दोन वेढे दिले होते. खुळखुळ थांबली आणि मी ते विसरून गेलो. एप्रिलमध्ये जुनी तार ओढून काढताना वेढा सुटून वर सरकला असणार, आणि नवी तार मी नेमकी त्याच्यावर चढवली. तार पोलादावर बसायच्या ऐवजी नायलॉनवर बसली होती. धागा पारदर्शक, म्हणून मी त्याच्यावरून फडका फिरवला तरी मला दिसला नाही.

"ह्या कोणी घातला?" आता तिने विचारलं.

"मी."

"मगे आवशीचा काय सांगत हुतंस?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी दुसऱ्यांवर पुष्कळदा वापरली आहे. त्या ओटीवर मला शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण आई हात पदरात घेऊन बसलेली मला दिसायला लागली.

पेटीवाली हसली नाही, उपदेशही केला नाही. तिने स्क्रू पिळून बसवला, खाचेवरून बारीक कानस तीनदा फिरवली, तार परत चढवली आणि घोडीपाशी अंगठ्याने दाबून तिला नीट बसतं केलं. दर वेळी हात तितकाच हलायचा जितका लागेल. सूर मला जुळवू दिला. मग मी छेडली, आणि पाचवी शेजारणींच्या बरोबरीने बोलली. तिने डोकं एका बाजूला कलवून तो आवाज शेवटपर्यंत, पार विझेपर्यंत ऐकला, आणि मगच कानस खाली ठेवली.

"तंगूस वायट नाय हां," ती म्हणाली. "जाग्यार नव्हता, इतक्याच. आता घराक जा."

मी घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आई ओटीवर बसली होती, समोर काहीच काम नव्हतं. एसटीत मी माफीचं वाक्य तयार करून आणलं होतं, चांगलं मास्तरी वाक्य. ते राहिलंच.

"माय, तार बरी झाली."

"बरा झाला," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

"तेलाचा काय नव्हता ता. माज्या तंगसाचा हुता. मीच बांदललंय, मीच इसारललंय."

आता तिने बघितलं. "तेल नव्हता?"

"टिपूस नव्हता."

"तू बगलंस?"

"बगलंय. त्या पेटीवालेनव बगल्यान."

मला वाटलं आता बोलेल, चार शब्द सुनावेल, आणि मला ते हवेच होते.

"मी तेका हातच लावूक नाय रे," ती म्हणाली. "बिजागऱ्यांक लावत हुतंय, आणि बाटली थय ठेवलंय. माका नीट आठवत हुता. पण तू इतक्या खात्रीन बोललंस. तू शिकलेलो. माका वाटला, लावलंय आसतलंय आणि इसारलंय." मग म्हणाली, "थोरल्या भयणीचा असाच सुरू झाल्ला."

थोरली बहीण म्हणजे माझी मावशी. शेवटी शेवटी ती पोटच्या मुलांना ओळखत नव्हती. आई तिच्या उशाशी दोन महिने होती.

"रोज रोझरीच्या आदी सगळ्यांची नावां म्हणान बगतंय," ती म्हणाली. "तुमची, पोरांची, मुंबयवाल्यांची. येक जरी चुकला तर कळात म्हणान."

तीन आठवडे ती संध्याकाळच्या माळेच्या प्रार्थनेआधी हे करत होती, आणि मी सहकाऱ्याजवळ तिच्या वयाबद्दल बोलत होतो.

"म्हंजे माजी मती बरी आसा?" तिने विचारलं.

"बरी आसा, माय."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली.

"मान हलव नको," ती म्हणाली. "तोंडान सांग."